सबसिडी हातात कधी पडते? भोकरच्या डाळमिलचा हिशोब

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना ज्या आकड्यांवरून भरभर गेलो, ते इथे सावकाश मांडलेत. कागद-पेन घेऊन बसलात तर बरं.)

गेल्या काही दिवसांत आलेले मेसेज वाचत होतो. शब्द वेगळे, प्रश्न एकच. "दादा, दहा लाखांचं लोन काढलं तर साडेतीन लाख माफ होतात म्हणे, खरं का?" "सोलारचे ७८ हजार कधी जमा होतात?" "पंपाला नव्वद टक्के सबसिडी आहे, मग हे दहा टक्के कशाचे मागतेत?"

योजनांची यादी मी आज वाचणार नाही. यूट्यूबवर ती ढिगाने पडलीय, आणि प्रत्येक थंबनेलवर नोटांची थप्पी आहेच. मला बोलायचंय ते पैशाच्या क्रमाबद्दल. आधी कोणाचा पैसा निघतो, मग कोणाचा, तो कुठे थांबतो आणि किती दिवस थांबतो. हा क्रम माहीत नसल्यामुळे चांगली चालणारी युनिटं पहिल्या वर्षातच हप्त्याखाली दबतात.

सुरुवात "माफ" या शब्दापासून करू. कर्जमाफीमुळे तो आपल्या जिभेवर बसलाय. पण उद्योगाच्या योजनेत काहीही माफ होत नसतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे आपण ज्याला पीएमईजीपी म्हणतो, तो २००८ पासून चालू आहे. खादी ग्रामोद्योग आयोग तो चालवतो, आणि जिल्ह्यात खादी मंडळ नाहीतर जिल्हा उद्योग केंद्र आपला अर्ज बघतं. त्यातलं अनुदान तुमच्या खात्यात जमा होत नाही. ते बँकेत येतं आणि तीन वर्षांसाठी मुदत ठेवीसारखं बाजूला ठेवलं जातं. त्या ठेवीवर तुम्हाला व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकही तुमच्याकडून व्याज घेत नाही. तीन वर्षं झाली, युनिट जागेवर चालू आहे हे कोणी येऊन पाहिलं, की ती रक्कम कर्जात वळती होते.

ज्यांनी मोबाइलवरून आयपीओला अर्ज केलाय त्यांना हे लगेच कळेल. यूपीआय मँडेट दिल्यावर पैसे खात्यात दिसतात पण खर्चता येत नाहीत, ब्लॉक असतात. इथे ब्लॉक तीन वर्षांचा, एवढाच फरक.

हे असं का केलं असेल? आपल्या आजोबांच्या काळात १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर होता. त्यात अनुदान आधीच हातात यायचं. एकच म्हैस चार दावणींना बांधून चार फोटो, असले किस्से मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळतील. पुढे १९९९ मध्ये त्याच्या जागी स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली आणि अनुदान शेवटाला गेलं. आधी कर्ज फेडायला लागा, मग अनुदान. तेव्हापासून बऱ्याच योजनांचा सांगाडा हाच आहे. मला स्वतःला हे बरोबर वाटतं. चूक एवढीच की हे अर्जदाराला कोणी समोर बसवून सांगत नाही.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. भोकर तालुक्यात सोयाबीन-कापसासोबत तूर आणि हरभरा आहे. कास्तकार तूर मोंढ्यावर नेऊन आडत्याला घालतो आणि तीच डाळ होऊन पाकिटात आली की दुकानातून विकत आणतो. म्हणून "मिनी डाळमिल टाकू" ही कल्पना दर दुसऱ्या पोराच्या डोक्यात असते. समजा सगळा प्रकल्प १० लाखांचा. यात जागेची किंमत धरत नाहीत, पण शेडचं बांधकाम किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांचं भाडं धरता येतं.

पीएमईजीपीत दोन गोष्टींवर सगळं ठरतं: तुम्ही कोण आणि युनिट कुठे. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरी भागात २५, ग्रामीण भागात ३५. स्वतःचा वाटा पहिल्या गटाला १० टक्के, दुसऱ्याला ५.

आणि ग्रामीण म्हणजे काय? २०२२ मध्ये व्याख्या सोपी केली. पंचायतीच्या हद्दीत ते ग्रामीण, नगरपालिकेच्या हद्दीत ते शहरी. भोकरला नगरपरिषद आहे. म्हणजे एखाद्या बाईने भोकर शहरात मिल टाकली तर अडीच लाख, आणि तीच मिल भोसीला किंवा पाळजला टाकली तर साडेतीन लाख. हद्दीची पाटी ओलांडली की एक लाखाचा फरक. पण नुसत्या त्या लाखासाठी गाव बदलू नका. थ्री फेज लाइन कुठे नीट टिकते, तुरीची गाडी कुठे सहज येते, हे आधी बघा. एक लाख एकदाच मिळतात, वीज रोज लागते.

आता पैशाचा क्रम बघा. ओबीसी मुलगा, ग्रामीण भाग, १० लाख. त्याच्या खिशातून ५० हजार. बँक मंजूर करते साडेनऊ लाख. पहिला हप्ता यंत्रवाल्याला जातो. मग बँक खादी आयोगाकडे साडेतीन लाखांची मागणी ऑनलाइन टाकते. ते आले की ब्लॉक होतात, आणि तिथून पुढे व्याज फक्त सहा लाखांवर.

या मधल्या काळाकडे कोणाचं लक्ष नसतं. समजा व्याज ११ टक्के. साडेनऊ लाखांवर महिन्याचं व्याज साधारण ८,७००. सहा लाखांवर ५,५००. म्हणजे अनुदानाची मागणी जितके महिने लांबेल तितके महिने जवळपास ३,२०० रुपये फुकट जातात. ती का लांबते? बहुतेक वेळा उद्योजकता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसतं म्हणून. मंजुरी मिळाली की पोरं यंत्र बघायला पळतात आणि प्रशिक्षण मागे ठेवतात. उलटं करा. मंजुरीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात प्रशिक्षणाला नाव घाला. हे प्रशिक्षण काही दिवसांचंच असतं. मग शाखेत जाऊन विचारा, "साहेब, मार्जिन मनीचा क्लेम टाकला का?" हाच शब्द वापरा. "सबसिडी कधी येणार" विचारलं तर "वरून येईल" एवढंच उत्तर मिळतं.

हप्त्याचं बोलू. सहा लाख, ११ टक्के, पाच वर्षं: महिन्याला साधारण १३,००० रुपये. सात वर्षं केली तर १०,३०० च्या आसपास. योजनेत परतफेड ३ ते ७ वर्षांची असते आणि सुरुवातीला काही काळ हप्त्यातून सवलत मिळते. आता मिलकडे या. समजा वीज, मजूर, पोती, सगळं जाऊन क्विंटलमागे ३०० रुपये सुटले. १३,००० च्या हप्त्याला महिन्याला ४४ क्विंटल भरडावी लागेल, तीही फक्त बँकेसाठी. तुमच्या घरात अजून एक रुपया आलेला नाही. आणि तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, हरभरा फेब्रुवारी-मार्चात. पावसाळ्यात मिलपुढे कोण येणार? बँकेला मात्र ऑगस्टमध्येही तेवढाच हप्ता हवा असतो.

म्हणून दोन गोष्टी मॅनेजरशी मंजुरीआधीच बोला, नंतर नाही. सवलतीचा काळ असा मागा की पहिला पूर्ण हप्ता हंगामात पडेल. आणि परतफेड पाचाऐवजी सात वर्षांची. एकूण व्याज जास्त जाईल, मान्य. पण पहिल्या पावसाळ्यात खातं थकलं तर पुढच्या कुठल्याही हिशोबाला अर्थ उरत नाही. कर्ज डोक्यावर, सिबिल खराब, आणि युनिट बंद आढळलं तर ब्लॉक असलेलं अनुदान परत जाण्याची वेळ.

प्रोजेक्ट रिपोर्टची गोष्ट इथेच येते. एजंटकडचे रिपोर्ट मी पाहिलेत. गाव बदलतं, नाव बदलतं, बाकी सगळं कॉपी-पेस्ट. आम्ही कोडमध्ये करतो तसंच, फक्त आमचं चुकलं तर निदान एरर तरी येते. एका रिपोर्टमध्ये मिल वर्षाचे तीनशे दिवस पूर्ण क्षमतेने चालणार असं लिहिलेलं होतं. मॅनेजर असा कागद बाजूला ठेवतो आणि एकच विचारतो: माल कुठून आणणार, डाळ कोणाला देणार? त्याला हप्त्याच्या दीडपट पैसा वर्षाकाठी सुटताना दिसला तर तो निर्धास्त होतो. आपल्या उदाहरणात हप्ते वर्षाचे १ लाख ५६ हजार. म्हणजे साधारण २ लाख ३५ हजार सुटतात हे दाखवावं लागेल. किती गावांतून किती तूर येईल, हे घरोघर विचारून लिहिलेलं एक साधं पान त्या वीस पानी रिपोर्टपेक्षा जास्त काम करतं.

आणखी एक अडकित्ता. प्रकल्पात खेळतं भांडवल धरलं असेल, तर ती मर्यादा तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसावी लागते आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये, असा नियम आहे. नाही वापरली तर त्या प्रमाणात अनुदान परत मागतात. म्हणून "लोन मोठं दाखवू, सबसिडी जास्त येईल" हा सल्ला उलटतो.

आता जे शहरात आहेत, खुल्या प्रवर्गात आहेत, त्यांनी निराश होऊ नका. डाळमिल, मसाला, तेलघाणा, पापड असं खाण्यापिण्यातलं काम असेल तर पीएमएफएमई बघा. ही २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना, आपल्याकडे कृषी विभाग राबवतो. इथे जात नाही, शहर-खेडं नाही. पात्र भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचा वाटा किमान १० टक्के. यंत्रं आणि शेड मिळून ८ लाख होत असतील तर २ लाख ८० हजार. भोकर शहरातल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला पीएमईजीपीत १० लाखांवर दीड लाखच मिळाले असते. शिवाय पीएमईजीपीचं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला, तर पीएमएफएमईत जुनी गिरणी वाढवायलाही अर्ज करता येतो. अनुदान इथेही तीन वर्षं बाजूलाच. आणि एकाच युनिटला दोन्हीकडून अनुदान नाही. कृषी पायाभूत सुविधा निधीतली ३ टक्के व्याज सवलत ही मात्र वेगळी गोष्ट. ती २ कोटींपर्यंतच्या कर्जाला, सात वर्षांपर्यंत मिळते, आणि प्राथमिक प्रक्रियेच्या कामाला लागू होते. बँकेत तिचं नाव काढा, आपणहून कोणी काढत नाही.

"मग आईच्या नावावर करू, ३५ टक्के बसतील." हा मेसेज मला सगळ्यात जास्त येतो. करा, पण आईला विचारून करा. प्रशिक्षणाला ती जाणार, सही तिची, तीन वर्षांनी तपासणीला माणूस आला तर उत्तर तिने द्यायचं. हप्ता थकला तर सिबिल तिचं जाणार, उद्या बचत गटाचं कर्जही अडणार. मिल ती खरोखर चालवणार असेल तर योजना तिच्यासाठीच आहे. नुसतं नाव वापरायचं असेल तर तो तिच्या नावावर टाकलेला भार आहे, आणि तिला बहुतेक वेळा हे सांगितलेलंही नसतं.

सिबिलचं निघालंच आहे तर, बँकेत जायच्या आधी आपला रिपोर्ट एकदा काढून बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. आपल्या वयाच्या पोरांचे अर्ज कशावर अडतात माहितीय? मोबाइलच्या हप्त्यावर. दुकानात फोन घेताना फायनान्स केला, शेवटचे दोन हप्ते राहिले, नंबर बदलला, विसरून गेला. १२ हजारांच्या फोनमुळे १० लाखांचा अर्ज परत. ती थकबाकी भरा, पूर्ण भरल्याचं पत्र घ्या, रिपोर्टमध्ये ते दिसेपर्यंत थांबा. "सेटलमेंट" करू नका, तो शब्द रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं दिसत राहतो. आणि १० लाखांपर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. सातबारा घेऊन जायची घाई करू नका.

आता सोलार. इथे क्रम पूर्ण वेगळा आहे, आणि गोंधळ त्यामुळेच होतो.

घराच्या छतासाठी पीएम सूर्यघर, फेब्रुवारी २०२४ पासून. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणून ७८ हजार. त्याच्या वर कितीही मोठं बसवा, ७८ हजारच. समजा ३ किलोवॅटला तुम्हाला १ लाख ८० हजार सांगितले. तर ते सगळे १ लाख ८० हजार आधी तुमचेच जाणार, रोख किंवा कर्जातून. सिस्टम बसली, नेट मीटर लागला, महावितरणने तपासली, मग ७८ हजार थेट खात्यात. इथे ब्लॉक वगैरे काही नाही. साधारण दिवसाला १२ युनिट धरा. पण हे फक्त घरगुती जोडणीला. डाळमिलची जोडणी औद्योगिक असते, तिला हे अनुदान नाही. घराच्या मीटरवर मिल चालवून सोलारने बिल शून्य करायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. ते वीज कायद्यात बसत नाही.

शेतातल्या पंपाचा क्रम तिसराच. राज्याची "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना केंद्राच्या कुसुम योजनेला जोडलेली आहे. यात सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे. उरलेला पैसा तुमच्या खात्याकडे येतच नाही, तो पंप बसवणाऱ्या कंपनीला जातो. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. म्हणून "दहा टक्के कशाचे" याचं उत्तर असं की तुमच्या बाजूने निघणारा तेवढाच पैसा आहे, आणि तो आधी निघतो. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची, विमाही त्यात. पंप बंद पडला तर गावातल्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका, आधी तक्रार नोंदवा.

एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. पंप वर्षातले कितीतरी दिवस बंद असतो, पॅनेल मात्र तापत उभे. युनिव्हर्सल सोलार पंप कंट्रोलर नावाची पेटी लावली तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची छोटी चक्की, शीतपेटी चालू शकते, आणि केंद्राच्या नियमांत तिला जागा आहे. पेटीच्या जास्तीच्या खर्चाला अनुदान नाही. डाळमिलएवढा लोड त्यावर ओढू नये, पण ज्याच्याकडे दहा जनावरं आहेत त्याची कडबाकुट्टी सुटली. पंप घेण्याआधीच कंपनीला विचारा. नंतर वायरी सोडवून जोडाजोड केली तर वॉरंटीचा वाद होतो.

ज्यांना धंदा करायचा नाही पण सबस्टेशनजवळ मुरमाड रान पडून आहे, त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आहे. जमीन भाड्याने द्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या आसपास. तिथे प्रकल्प होतो आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळते. यात तुमचा एक रुपया लागत नाही, पण करार अनेक वर्षांचा असतो. सातबाऱ्यावर चुलते-भाऊ सगळे असतील तर आधी घरात बसा, मग अर्ज भरा. बागायती रान यात देऊ नये, असं माझं मत.

अण्णासाहेब पाटील महामंडळाबद्दल बरेच जण विचारतात. तिथे चौथा क्रम: हप्ता पूर्ण तुम्ही भरायचा, वेळेवर भरला की त्यातलं व्याज परत. पात्रता प्रमाणपत्र कर्जाच्या आधी काढायचं असतं, नंतर नाही.

राहिले एजंट. पीएमईजीपीचा अर्ज फुकट आहे, आणि खादी आयोगाने कोणालाही एजंट नेमलेलं नाही. पीएमएफएमईत अर्ज भरायला, रिपोर्ट करायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते आणि तिचं मानधन सरकार देतं, तेही कर्ज मंजूर झाल्यावर. तुमच्याकडून काही घ्यायचं नसतं. कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइट निघतात, याबद्दल केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी सावध केलंय. पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे का बघा. महावितरणचा पत्ता वेगळा आहे, तो आपल्या वीजबिलावर छापलेला असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून पंपाचे पैसे भरू नका. योजनेची मुदतही अर्जाच्या दिवशीच तपासा, कारण पीएमईजीपीची मंजुरी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीची होती.

पुढच्या भागात डाळमिलच्या थ्री फेज जोडणीचा अर्ज आणि डिमांड नोट कशी वाचायची ते घेऊ. तोपर्यंत ज्यांना रिपोर्ट करायचाय त्यांनी आपल्या पाच गावांतली तुरीची पोती मोजून ठेवा.